आई-बाबांचा व्हिसा आणि नावावर नसलेला सातबारा

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपल्या समाजातील मुले अमेरिका-इंग्लंडपर्यंत पोहोचली. आता शहापूर-मुरबाडकडच्या आई-बाबांना चार दिवस तिकडे न्यावे म्हटले, की मुलगा निमंत्रणपत्र आणि पगाराच्या पावत्या जमवू लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला निमंत्रणपत्राची अटच नाही. तिथल्या कायद्याचे कलम २१४(बी) अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे धरून चालते. तसे नाही, हे आई-बाबांनीच पटवायचे. म्हणजे त्यांचे घर, शेती, पेन्शन, इथला गोतावळा. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या, त्यांनी सातबारा कुठून आणायचा? हा निकष आम्हाला भूमिहीनांवर अन्याय करणारा वाटतो. गावाची ओढ काही सातबाऱ्यावर नोंदवलेली नसते.

२०२३ पासून फी १८५ डॉलर आहे. नकार आला तर ती बुडाली. अपील नाही, पुन्हा अर्ज तेवढा करता येतो. म्हणून एजंटाने फुगवलेली मिळकत फॉर्मात लिहू देऊ नका. मुंबईत मुलाखत मराठीतही देता येते, मग आईकडून इंग्रजी वाक्ये घोकून कशाला घ्यायची? नातवंड बघायला जाते, भातलावणीच्या आत परत येते, हे तिला तिच्या बोलीत सांगू द्या.