राँग साइड: दंडाचा आकडा की दंडाची खात्री?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात उलट्या दिशेने येणाऱ्या गाडीचे आता कोणाला नवल वाटत नाही. खरी काळजीची गोष्ट हीच आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल कडेकडेने समोरून येते, ढाब्यावरून निघालेला ट्रक पुढच्या वळणापर्यंत जाण्याचे टाळून उलटाच घुसतो आणि आपण हॉर्न वाजवून बाजूला होतो. बेळगाव शहरात तर हॉर्नही वाजवत नाही. एकेरी केलेल्या रस्त्यावर समोरून रिक्षा आली, तर आपणच गाडी गटाराकडे घेतो. चूक करणारा बिनधास्त आणि नियम पाळणारा ओशाळलेला, अशी उलटी रीत पडून गेली आहे.

ही रीत मोडायची कशी, यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, दोघा-चौघांना आत टाका, गाड्या जप्त करा, आठ दिवसांत सगळे सरळ येतील. दुसरे म्हणते, आधी रस्ते नीट करा, वळायला जागा द्या, मग लोकांना शहाणपण शिकवा. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्ही बाजू आपापले अर्धेच बोलतात, म्हणून त्यांची तपासणी करायला हवी.

प्रश्न किती मोठा आहे, ते आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. उलट्या दिशेने वाहन चालवल्यामुळे झालेले मृत्यू त्यांत नऊ हजारांहून अधिक होते, म्हणजे दिवसाला सुमारे २५. अतिवेगाच्या खात्यावर मात्र एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक नोंदले गेले. त्यावरून कोणी म्हणेल, मग वेगाच्याच मागे लागा, राँग साइडचे एवढे काय? रस्त्यावर या दोन गोष्टी अशा वेगळ्या राहत नाहीत. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीसमोर ताशी ३० ने उलटी दुचाकी आली, तर दोघांतले अंतर सेकंदाला ३० मीटरने तुटते. रात्री दिवा डिपवर असेल, तर पुढचे साधारण ५० मीटर दिसते. म्हणजे हाताशी दीड सेकंद उरतो आणि सावध चालकाचाही पाय ब्रेकवर जाईपर्यंत जवळपास तेवढाच वेळ जातो. मोटारवाला वेगमर्यादा पाळत असला, तरी हे गणित बदलत नाही.

कायद्याकडे पाहिले, तर तो मुळीच मवाळ नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, ठरवून दिलेल्या दिशेच्या उलट गाडी चालवणे स्पष्ट शब्दांत घातले आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. यापेक्षा कडक आणखी काय करणार? तेव्हा कायदा कडक करा या मागणीत आता फारसा अर्थ उरलेला नाही.

उरतो अंमलबजावणीचा प्रश्न. मुंबईत मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी उलट्या दिशेने येणाऱ्यांवर थेट फौजदारी गुन्हे नोंदवायला सुरुवात केली. पावती फाडून सुटका होत नाही म्हटल्यावर धाक बसतो, हे मान्य. पण त्याच तडाख्यात घरपोच जेवण पोचवणारी पोरेही येतात. पासपोर्ट किंवा नोकरीची पडताळणी निघाली की हा गुन्हा आडवा येतो. गल्लीच्या तोंडाशी दहा मीटर उलटे गेलेला आणि महामार्गावर दोन किलोमीटर उलटा ट्रक हाकणारा एकाच मापाने मोजला, तर तो न्याय म्हणता येत नाही. शिवाय अशी मोहीम एका अधिकाऱ्याच्या आग्रहावर उभी असते. पांडे त्याच वर्षी जूनअखेर निवृत्त झाले. बदलीनंतर किंवा निवृत्तीनंतर टिकेल तीच व्यवस्था.

शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या खात्रीवर अवलंबून असतो, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ सालीच मांडून ठेवले आहे. आपल्याकडे खात्रीचेच बारा वाजले आहेत. कर्नाटक सरकारने २०१९ साली वाढीव दंड महिनाभरात खाली आणले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या ई-चलनांवर ५० टक्के सूट दिली. तशीच सूट ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिली. २०२३ च्या त्या थोड्या दिवसांत शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले, ही तिची जमेची बाजू नाकारता येणार नाही. तुंबलेली वसुली मोकळी झाली, न्यायालयांवरचा भार हलका झाला. पण ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला, त्याला त्यातून काय कळले? थांबला असता, तर निम्म्यात सुटला असता. एकदा दिलेली सूट तडजोड म्हणून खपते, दुसऱ्यांदा दिली की लोक तिसरीची वाट पाहतात. माझ्या मते ही सवलत कायमची बंद झाली पाहिजे. त्याबदल्यात दंडाची रक्कम लहान ठेवली, तरी चालेल. पाचशे रुपये दंड दर खेपेला होत असेल, तर तो पाच हजारांच्या क्वचित होणाऱ्या दंडाहून अधिक काम करील.

आता दुसरी बाजू, रस्त्याची. निपाणीहून दक्षिणेला तवंदी घाट, पुढे संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी घाट, काकती. या सगळ्या वाटेवर महामार्गाच्या दोन्ही अंगाला गावे आहेत आणि कितीकांची घरे एका बाजूला तर शेते दुसऱ्या बाजूला. महामार्ग चौपदरी झाला, दुभाजक आले, मग सहापदरीकरण हाती घेतले गेले. प्रत्येक रुंदीकरणात लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो आणि गावकऱ्याचा पल्ला वाढतो. समजा, भुयारी मार्ग दोन किलोमीटर पुढे आहे. नियमाने जायचे, तर जाऊन-येऊन चार किलोमीटर. मोटारसायकलवाल्याला त्यासाठी आठेक रुपयांचे पेट्रोल आणि सात-आठ मिनिटे लागतात, तेव्हा त्याची सबब मी मानणार नाही. पण वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन निघालेली बाई, बैलगाडी, सायकलवरून शाळेला जाणारी मुलगी यांचे काय? चालत चार किलोमीटर म्हणजे तास गेला. त्यांना सर्व्हिस रोड सलग मिळाला नाही आणि पलीकडे जायची वाट जवळ नसली, तर त्यांनी नियम मोडला असे म्हणण्याआधी रस्ता बांधणाऱ्याने काय मोडले ते विचारावे लागेल.

तशी सोय कायद्यातच आहे. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी संस्था, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. कोट्यवधींच्या ठेक्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण त्या कलमाने जबाबदारी कागदावर आणली. चालकाला कलम १८४ लावणाऱ्या प्रत्येक ठाण्याने अपघाताच्या पंचनाम्यात सर्व्हिस रोड कुठे तुटला होता, दिवे होते का, फलक होता का, हेही लिहिले पाहिजे. त्या नोंदीविना १९८अ पुस्तकातच राहील.

मात्र रस्त्याच्या दोषाचा आडोसा शहरात घेता येणार नाही. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर उभे राहून पाहावे. गेट पडले की दोन मिनिटांत अलीकडच्या गाड्या पूर्ण रुंदी व्यापतात, पलीकडेही तेच. गेट उघडते तेव्हा दोन फौजा समोरासमोर आल्यासारखी अवस्था होते आणि रुळांवरच कोंडी होते. त्यात रुग्णवाहिका अडकली, तर तिला मागेही घेता येत नाही. इथे रचनेचा दोष नाही, वळसा लांब नाही, सबब नाही. प्रत्येकाला पुढचे चाक चार फूट पुढे हवे आहे, एवढेच. इथे गेटच्या अलीकडे शे-दीडशे मीटर मध्यभागी पक्का अडथळा आणि गर्दीच्या वेळी एक हवालदार ठेवला, तर काम होईल.

गणपत गल्ली, खडे बाजार, किर्लोस्कर रोड या बाजारपेठेची गोष्ट थोडी वेगळी. तिथे राँग साइडचे मूळ पार्किंगमध्ये आहे. दुकानासमोर दोन रांगा लागल्या की उरलेल्या पट्टीतून जो आधी घुसेल, त्याचा रस्ता. स्मार्ट सिटीच्या जानेवारी २०१६ च्या पहिल्याच यादीत बेळगाव होते. नियंत्रण कक्ष उभा राहिला, कॅमेरे आले. कॅमेरा नंबर टिपतो, पण दारातली जागा मोकळी करू शकत नाही. ते काम महापालिकेचे आणि व्यापाऱ्यांचे आहे. पार्किंग न सोडवता इथे नुसता दंड वाढवला, तर व्यापारी विरोध करतील आणि त्यांचा विरोध पूर्ण चुकीचा ठरणार नाही.

यांत्रिक उपायही सुचवले जातात. पुण्यात अमनोरा टाउनशिपने २०१८ साली उलट्या गाडीचे टायर फोडणारे खिळे रस्त्यात बसवले आणि पोलिसांनी आक्षेप घेतला. तो आक्षेप रास्त होता. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी, अंधारात चुकून वळलेला दुचाकीस्वार यांना खिळा ओळखत नाही.

सीमाभागाचा म्हणून एक वेगळा धोका आहे, ऊस वाहतुकीचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. निपाणी भागातला ऊस हालसिद्धनाथ साखर कारखान्याला जातो, संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्याला जातो आणि सीमा ओलांडून कागलकडेही जातो. मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, आणि काट्यावरची रांग टाळायची म्हणून वळसाही नको. ट्रॅक्टरवाल्याला खेपेवर पैसे मिळतात, म्हणून तो घाई करतो, हे समजून घेतले पाहिजे. पण उपाय पोलिसांहून कारखान्याच्या हाती जास्त आहे. ज्या ट्रॉलीला मागे दिवा आणि पट्ट्या नाहीत, तिचे वजन काट्यावर करायचे नाही, एवढा ठराव संचालक मंडळाने केला आणि पाळला, तर तो शंभर नाकाबंद्यांपेक्षा जास्त काम करील. ऊस वाळतो आहे म्हणून पहिले दोन दिवस आरडाओरडा होईल. तो सोसावा.

दूधगंगा ओलांडली की राज्य बदलते, पोलिसांचा गणवेश बदलतो, फलकाची लिपी बदलते. एमएच ०९ ची गाडी निपाणीत उलटी शिरते, केए २३ ची कागलात, आणि दोघांनाही वाटते की परराज्याचे चलन घरी येणार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. फलकांवर मराठी असावी ही इथल्या माणसाची मागणी न्याय्य आहे आणि ती सोडायचे कारण नाही. पण लाल वर्तुळातली पांढरी आडवी पट्टी कानडीही नाही आणि मराठीही नाही, ती सगळ्यांना कळते. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, नदीच्या दोन्ही तीरांवर सारखाच. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांच्या पोलिसांनी थकीत चलनांची यादी दरमहा एकमेकांना द्यावी, यात कोणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही.

आपल्या लोकांची सवय जाणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. स्वीडनमध्ये १९५५ च्या सार्वमतात बहुसंख्य लोकांनी डावी बाजू सोडायला नकार दिला होता. ३ सप्टेंबर १९६७ रोजी अख्खा देश उजव्या बाजूला गेला. आधी चौक बदलले, फलक बदलले, शाळाशाळांतून शिकवले, मग दिवस ठरवला. सवय बदलली, पण तयारीनंतर बदलली.

तेव्हा माझा कौल असा. महामार्गावर मोटारसायकल, मोटार आणि ट्रक उलटे आले, तर कलम १८४ लावावे, परवाना निलंबित करावा, दयामाया नको. मात्र गावागावांची सलग सर्व्हिस रोडची आणि भुयारी मार्गाची मागणी त्याच बैठकीत, त्याच मुदतीत निकाली काढावी. एकाला आज शिक्षा आणि दुसऱ्याला पुढच्या टप्प्यात आश्वासन, हे चालणार नाही. शहरात लहान पण न चुकणारा दंड, सूट बंद, गेटवर अडथळा. बैलगाडी आणि पायी चालणाऱ्यावर कारवाई करूच नये.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. वाचकहो, आपल्या गावासमोर सर्व्हिस रोड कुठे तुटतो, लोक कुठून उलटे घुसतात, ते ठिकाण फोटोसह लिहून ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत ऊस हंगाम सुरू होण्याआधी या समितीकडे द्या. आणि उत्तर येईपर्यंत तुमची स्वतःची मोटारसायकल पुढच्या भुयारी मार्गातूनच वळवा.