सोडून दिलेल्या समभागांचा खर्च

मार्च २०२५ अखेरच्या तिमाहीत 'पेटीएम'ची मूळ कंपनी वन नाइन्टीसेव्हन कम्युनिकेशन्सला सुमारे ५४० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्यातील ४९२ कोटी रुपयांच्या खर्चापोटी कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही बाहेर गेलेला नव्हता. संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी एप्रिल २०२५ मध्ये आपले २ कोटी १० लाख समभाग विकल्प, म्हणजेच 'इसॉप', सोडून दिले. त्याचा हा हिशेबी परिणाम होता. घेतलेच नाही त्याचा खर्च कसा, असा प्रश्न सामान्य भागधारकाला पडणे साहजिक आहे.

विकल्प म्हणजे ठराविक मुदतीनंतर ठरलेल्या किमतीत समभाग घेण्याचा हक्क. भारतीय लेखामानक १०२ नुसार, हा हक्क दिला त्या दिवशीचे त्याचे वाजवी मूल्य काढले जाते व ते मुदतीच्या काळात कर्मचारी खर्च म्हणून विभागून दाखविले जाते. तेवढीच रक्कम भागधारकांच्या निधीत जमा होते. विकल्प मुदतीपूर्वी रद्द झाल्यास उरलेला सर्व खर्च एकदम दाखवावा लागतो. पुढील वर्षांचा भार त्यामुळे हलका होतो.

पेटीएमचे बाजारमूल्य प्रारंभिक विक्रीच्या पातळीवर टिकून राहिल्याशिवाय आपल्याला हे समभाग मिळणार नाहीत, असे शर्मा यांनी एप्रिल २०२२ मध्ये भागधारकांना कळविले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना विकला गेलेला समभाग त्यानंतर त्या भावाजवळही गेला नाही. तरीही खर्च पडतच होता. बाजारभावाची अट पहिल्याच दिवशीच्या मूल्यांकनात धरली जाते. नंतर ती पूर्ण न झाली म्हणून खर्च मागे घेता येत नाही.

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिससारख्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकात इसॉप रुजविले. बाजारभावानेच विकल्प दिल्यास तेव्हाच्या पद्धतीत खर्च शून्य दाखविता येत असे. मोठ्या कंपन्यांना नवे मानक २०१६-१७ पासून लागू झाले.

मात्र आता वेगळीच वाट निघाली आहे. डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत पेटीएमने इसॉप खर्चापूर्वीचा ३१ कोटींचा परिचालन नफा ठळकपणे मांडला. निव्वळ तोटा होता ३९२ कोटींचा. रोख गेली नाही, हा युक्तिवाद अपुरा आहे. समभाग दिले नसते, तर तेवढा पगार द्यावा लागला असता. शिवाय नव्या समभागांमुळे जुन्या भागधारकाचा वाटा घटतो.

'सेबी'चा आक्षेप मात्र पात्रतेविषयी होता. प्रवर्तकांना इसॉप घेता येत नाहीत. मे २०२५ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले आणि शर्मा यांना सूचिबद्ध कंपन्यांकडून तीन वर्षे नवे इसॉप घेण्यास मनाई झाली.