बंदी नको, तपासणी हवी

‘प्राण्यांवरचे सर्व प्रयोग तत्काळ थांबवा’ हे पत्र वाचले. कळकळ पटली, मागणी नाही. भातलावणीत घोणस चावली की आमच्या भिवंडी तालुक्यातल्या शेतकऱ्याला सलाईनमधून जे प्रतिविष चढवतात, ते घोड्याच्या रक्तातले असते. घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत टोचतात, मग रक्त काढून त्यातला द्रव शुद्ध करतात. परळची हाफकिन संस्था हे काम कित्येक दशके करत आली. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली, ती योग्यच. पण विषारी सर्पदंशावर आज प्रतिविषाशिवाय दुसरे औषध नाही (मांत्रिक तर नाहीच नाही!). पत्रलेखकांनी घोड्यांची निगा आणि रक्त काढण्यातले अंतर यांची जाहीर तपासणी मागावी. तशा निवेदनावर मीही सही करीन.

— एक वाचक, भिवंडी