रुळांची वाट मुरगावला, जकातीची वाट मुंबईला: कोल्हापूर रेल्वेचा दुर्लक्षित धडा

१/ कोल्हापूरच्या रेल्वेविषयी समाजमाध्यमांवर दोन दावे आलटून पालटून फिरत असतात. एक म्हणतो, इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून कोल्हापूर जगाशी जोडले गेले. दुसरा म्हणतो, राजर्षी शाहू महाराजांनी एकहाती रेल्वे आणली. दोन्ही दाव्यांतील उणीव एकच आहे. रूळ कोणी टाकले एवढेच ते विचारतात. ते रूळ कोणाच्या रुळांना आणि कोणत्या अटींवर जोडले गेले, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

२/ आधी दाव्यांचा हिशेब. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग कोल्हापूर दरबारच्या पैशातून उभा राहिला आणि त्याची मालकीही दरबारचीच होती. तेव्हा ‘इंग्रजांनी दिली’ हे म्हणणे टिकत नाही. मात्र १८८८ साली पायाभरणी झाली तेव्हा महाराज अल्पवयीन होते. गाडी १८९१ साली धावली आणि राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १८९४ साली. म्हणजे मूळ निर्णय ब्रिटिश देखरेखीखालच्या राजप्रतिनिधी काळातला.

३/ याने महाराजांचे थोरपण उणावत नाही. ते नेमके कुठे होते हे कळते. स्थानकालगत १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. पुढे याच मार्गावर जयसिंगपूर उभे केले. रेल्वे आयती मिळाली तरी बाजार आयता मिळत नाही, हे जाणणारा राज्यकर्ता होता तो. त्यांना पहिल्या रुळाचे श्रेय चिकटवणारे भक्त त्यांच्या खऱ्या कामावरच पडदा टाकतात.

४/ आता मूळ प्रश्न. ४८ किलोमीटरचा एकाकी लोहमार्ग म्हणजे दोन गावांमधली शोभेची गाडी. त्याला अर्थ आला तो मिरजेमुळे. मिरज हेही एक संस्थान, पटवर्धनांचे. तेथून सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा मार्ग उत्तरेस पुण्याला आणि दक्षिणेस बेळगाव, लोंढ्याकडे जात होता. लोंढ्याहून फाटा निघे तो कॅसलरॉकपर्यंत, आणि त्यापुढे सुरू होई पोर्तुगालचे राज्य.

५/ कोल्हापूरने या शेजाऱ्याचे माप स्वीकारले. कंपनीचे रूळ मीटरगेज, म्हणून दरबारचेही मीटरगेज. गाड्या चालवण्याचे कामही कंपनीकडेच सोपवले. बडोद्याच्या गायकवाडांनी डभोई परिसरात अडीच फुटी अरुंद रूळ टाकले होते. तेथे मोठ्या मार्गाशी गाठ पडली की माल उतरवून पुन्हा भरावा लागे. कोल्हापूरने तेवढी स्वायत्तता सोडली आणि त्या बदल्यात मिरजेच्या पलीकडचे जग मिळवले.

६/ पण ते जग कोणत्या दिशेचे? पुण्यापासून मुंबईपर्यंतची जीआयपी रेल्वे ब्रॉडगेज होती, त्यामुळे मुंबईच्या मालाची पुण्यात चढउतार अटळ होती. उलट मिरज, लोंढा, कॅसलरॉक, ब्रागांझा घाट आणि थेट मुरगाव बंदर ही सगळी साखळी मीटरगेजची. कोल्हापुरात भरलेली वाघीण डबा न बदलता अरबी समुद्रापर्यंत जाऊ शकत होती. अंतरही मुंबईपेक्षा कमी होते.

७/ मग कोल्हापूरचा व्यापार मुंबईकडेच का झुकलेला राहिला? याचे उत्तर रुळांत सापडत नाही, ते करारात सापडते. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात भारतातील वसाहतींविषयी करार झाला. त्याची मुदत बारा वर्षांची होती. दोन्ही हद्दींमध्ये जकात एकसमान झाली, आपसांतला व्यापार मोकळा झाला आणि मुरगाव ते ब्रिटिश हद्द अशा रेल्वेचा मार्ग खुला झाला. १८८८ पर्यंत ती रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली.

८/ या कराराची दुसरी बाजू गोव्याच्या मिठागरांवर लिहिली गेली. मिठावरील नियंत्रण ब्रिटिश सरकारकडे गेले. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. पण ज्यांचे पोट मिठावर होते, त्यांच्या पदरी बंधनेच आली. रेल्वेच्या भांडवलावरील व्याजाची हमीही पोर्तुगीज सरकारच्याच माथी होती. जोडणीचा लाभ थोरल्या शेजाऱ्याला आणि भार धाकट्याला, असा हा व्यवहार होता.

९/ असा व्यवहार टिकला नाही. १८९२ साली मुदत संपली, करार पुढे चालू राहिला नाही आणि सीमेवर जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. म्हणजे समुद्राकडे जाणारी अखंड वाट तयार झाली आणि वर्षभरातच तिच्या तोंडाशी नाके बसले. रूळ तेच, इंजिन तेच, घाटही तोच. बदलला तो केवळ कागद.

१०/ त्याच सुमारास युरोपात काय चालले होते हे पाहण्याजोगे आहे. १८९० साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे नऊ देशांनी रेल्वेने होणाऱ्या मालवाहतुकीचा करार केला आणि १८९३ पासून तो अमलात आला. एकाच पावतीवर माल अनेक देशांतून जाऊ लागला आणि तो हरवला किंवा खराब झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरले. फ्रान्स आणि जर्मनी हे एकमेकांचे वैरीही त्यात सामील होते.

११/ येथे आक्षेप येईल: युरोपातले देश सार्वभौम, कोल्हापूर मांडलिक, तुलना कशी करावी? आक्षेप रास्त आहे आणि तो मूळ मुद्द्याला बळच देतो. संस्थानांतून जाणाऱ्या मुख्य मार्गांच्या जमिनीवरील अधिकार ब्रिटिश सरकार स्वतःकडे घेत असे. अशा हुकमाने माप जुळते, विश्वास जुळत नाही. जेथे हुकूम चालत नव्हता त्या पोर्तुगीज सीमेवर म्हणूनच जोडणी लंगडी पडली.

१२/ पुढचा इतिहास याची पुन:पुन्हा साक्ष देतो. गोवामुक्तीच्या आंदोलनाच्या काळात, १९५५ साली, सीमेवरची रेल्वे वाहतूक थांबली. रूळ जागेवरच होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर गाड्या पुन्हा धावू लागल्या. घाट कोणी नव्याने फोडला नाही. सीमा तेवढी उरली नाही.

१३/ माप बदलले की नकाशाही बदलतो, हे १९७१ ने दाखवले. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबई थेट जोडली गेली. मात्र मिरजेच्या दक्षिणेला मीटरगेजच राहिले. जी चढउतार पूर्वी पुण्यात होत होती, ती आता मिरजेत आली. गोव्यापर्यंतचे रूळ एका मापाचे व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

१४/ हा धडा जुना झालेला नाही. २०१५ साली बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी परस्परांच्या वाहनांना वाट देणारा करार थिम्पू येथे केला. पुढच्याच वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने त्याला मान्यता नाकारली. मोठ्या शेजाऱ्यांच्या वाहनांचा लोंढा आणि पर्यावरणावरचा भार ही त्यांची चिंता होती. तिला ‘विकासविरोध’ म्हणणाऱ्यांनी गोव्याची मिठागरे आठवावीत.

१५/ आणि कोल्हापूर? तेथे रूळ आजही संपतात. कोकण रेल्वे १९९८ पासून सह्याद्रीच्या पलीकडे धावते आहे. कोल्हापूर-वैभववाडी या सुमारे १०८ किलोमीटरच्या मार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पण तो अद्याप प्रत्यक्षात आलेला नाही. घाट अवघड आहे, असे सांगितले जाते. याच सह्याद्रीत १८८० च्या दशकात, आजची यंत्रे नसताना, ब्रागांझा घाट फोडला गेला. कारण दोन सरकारांचे हितसंबंध तेथे जुळले होते.

१६/ तेव्हा आड येत होते परके राज्य, जकात आणि वेगळे माप. आज दोन्ही टोकांना एकच देश, एकच राज्य आणि एकच माप आहे. आता अटी ठरवणारेही आपलेच आणि त्या न ठरवणारेही आपलेच. म्हणून इतिहासप्रेमींनी रेल्वेच्या वर्धापनदिनी जुन्या इंजिनाची छायाचित्रे जरूर फिरवावीत. पण सोबत विचारावे की पुढची जोडणी कोणाशी, कोणत्या अटींवर आणि कधी. हा प्रश्न न विचारणाऱ्या शहराच्या वाट्याला शेवटचे स्थानकच येते.