आल्याचे स्कोन

गेल्या मार्गशीर्षात आमची थोरली नात एडिंबरोहून तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आली. येताच तिने जाहीर केले की, आत्याआजीस आपल्या हातचे आल्याचे स्कोन खाऊ घातल्यावाचून आपण परत जाणार नाही. आत्याआजी म्हणजे आमच्या वडील भगिनी अक्का. वय ब्याऐंशी, भट्टीचा पाव वा बिस्किट त्यांनी आजतागायत जिभेस लावलेले नाही. पंचहौद मिशनमधील चहामुळे १८९० साली पुण्यात ग्रामण्य माजले, रानडे-टिळकही त्यात सापडले, ही हकीकत आम्ही त्यांचे मन वळविण्याकरिता सांगू लागलो, तो त्या म्हणाल्या, "मग? शेवटी प्रायश्चित्त घ्यावेच लागले ना?" आम्ही निरुत्तर झालो.

वास्तविक स्कोन हा काही साहेबी पाव नव्हे. गेविन डग्लस या कवीने व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट भाषेत केलेले भाषांतर १५१३ साली पुरे झाले. त्यात हा शब्द सापडतो. त्यात आंबवण लागत नाही, अंड्यावाचूनही काही अडत नाही. आणि आले तर इकडूनच तिकडे गेलेले. आपल्या शृंगवेराचेच ग्रीक-लॅटिनातून फिरत फिरत इंग्रजीत 'जिंजर' झाले. शिंगासारखे अंग म्हणून शृंगवेर, अशी फोड आम्ही वर्गात कित्येक वर्षे ऐटीत सांगितली. पंडित मात्र त्याचे मूळ द्राविडी मानतात, आणि तामिळात 'वेर' म्हणजे मूळ, हे पाहिल्यावर आमची ऐट उतरली. असो.

प्रमाण येणेप्रमाणे: पाव किलो मैदा, तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, दोन चमचे सुंठपूड, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे साखर, ६० ग्रॅम थंड लोणी, मूठभर आलेपाकाचे बारीक तुकडे आणि सुमारे दीडशे मिलिलिटर दूध. ताजे आले मात्र दुधात कालवू नये. त्यातील एक पाचक द्रव्य कोमट दूध नासविते. कच्च्या आल्याने चहा फाटतो, तो पुष्कळदा यामुळेच. शंकरपाळ्यांस मोहन चोळतो तसे लोणी पिठास चोळावे, परंतु शंकरपाळ्यांचे मोहन कडकडीत, हे गारच हवे. पीठ रव्यासारखे दिसू लागले की दूध घालून ते नुसते गोळा करावे.

येथेच पहिला घाणा फसला. नातीने पीठ जेमतेम गोळा केलेले पाहून अक्कांस राहवेना. खायचे नसले म्हणून काय झाले, डोळ्यांदेखत पीठ असे वाया कसे जाऊ द्यायचे! "अगं, हे का मळणे?" म्हणून त्यांनी परात ओढून घेतली आणि पुरणपोळीच्या कणकेसारखे ते पीठ चांगले पाव तास तिंबले. भट्टीतून जे निघाले, ते फोडण्यास खलबत्ता लागला असता. पोळीस जो चिकटा हवा, तोच येथे घातक. मळण्याने मैद्यातील ग्लुटेन ताणले जाते आणि वायूस फुलावयास वाव राहत नाही. नात हसली, पण अक्कांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्या फारशा जेवल्याही नाहीत.

पुन्हा करावयाचे, तर अडचण निराळीच. आमच्या भट्टीत सूनबाई अंड्याचे केक भाजतात. त्यातले अक्का खाणार कशा? तेव्हा नातीने सांगितले की, स्कोन मुळात तव्यावरच भाजीत. बेकिंग पावडरही त्या मानाने अलीकडची. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती १८४३ साली बनविली, ती यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीकरिता. तीत आम्ल व सोडा दोन्ही असतात; आंबट ताक आणि खायचा सोडा यांनी तेच काम होते. अक्कांच्या स्वयंपाकघरात दोन्ही होते.

मग दूध व पावडर यांऐवजी आंबट ताक आणि अर्धा चमचा सोडा घेऊन पीठ कालविले, बोटभर जाडीची भाकरी थापली, तिचे चार चतकोर केले. अक्कांच्या सोवळ्यातील तव्यावर पीठ भुरभुरून, मंद आचेवर एकेक बाजू सहा-सात मिनिटे भाजली. घरच्या इतर मंडळींसाठी मात्र भट्टीत, २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे. तेथे जाडी थोडी अधिक ठेवावी. चव आम्हांस तव्यावरचीच अधिक रुचली. सूनबाईंचे मत उलट आहे.

अक्कांनी चतकोर मोडला, आतील जाळी निरखून पाहिली आणि लोणी लावून खाल्ला. "सुंठ कमी पडली," एवढेच म्हणाल्या. नात निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच पीठ कालविले, तेही केवळ बोटांच्या टोकांनी, हात आवरून. दुसऱ्या दिवशी नातीच्या सामानात घरच्या सुंठपुडीची एक पुरचुंडी निघाली. ती कोणी ठेवली, हे विचारावयाचे कारणच नव्हते.