मावळातील घर : निवारा की सट्टा?

इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांतील मावळ तालुका ही मुळात भाताची भूमी. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले ‘इंद्रायणी’ हे वाण येथूनच महाराष्ट्रभर गेले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि या भूमीत भूखंडांचे पीक जोमाने येऊ लागले. लोणावळा ते पवनानगर बंगल्यांच्या योजना उभ्या राहिल्या. त्यांचे गिऱ्हाईक केवळ मुंबईचे शेठजी नाहीत. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होणारा कामगार, शिक्षक, बँकेतील कारकून यांच्याही भविष्यनिर्वाह निधीवर या बाजाराचा डोळा आहे. ‘दोन वर्षे ठेवा आणि विका’ हा दलालाचा मंत्र. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल ५० लाखांची सदनिका घ्यावी. त्यापैकी ४० लाख कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे ३६ हजार येतो. दोन वर्षांत ८ लाख ६४ हजार रुपये भरूनही त्यांतील ७ लाखांहून अधिक रक्कम व्याजातच जाते. मुद्दल फिटते जेमतेम १ लाख ५७ हजार. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरल्यास ३ लाख, नोंदणी फी ३० हजार, घेताना व विकताना एकेक टक्का दलाली धरल्यास आणखी लाखभर. बेरीज ११ लाखांवर जाते. म्हणजे दोन वर्षांत भाव २२ टक्क्यांहून अधिक चढला, तरच हात जेमतेम कोरडे राहतात. देखभाल, घरपट्टी आणि स्वतःच्या १० लाखांवरील बुडालेले व्याज यांत धरलेलेच नाही. शिवाय २४ महिन्यांच्या आत विकल्यास होणारा नफा अल्पकालीन ठरतो आणि नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो.

घरात राहणाऱ्यालाही हा खर्च चुकत नाही. परंतु तो त्याच्यासाठी अनेक वर्षांवर पसरतो आणि भाडे वाचते. अल्पकाळासाठी घेणाऱ्याला तोच खर्च चोवीस महिन्यांत वसूल करावा लागतो.

मावळात भाव चढले नाहीत काय, असा प्रश्न कोणी करील. चढले, परंतु त्याचा लाभ थांबण्याची ऐपत असलेल्यांना झाला. मंदीत धनिक गिऱ्हाइकाची वाट पाहू शकतो. कामगाराचा हप्ता वाट पाहत नाही. अशा वेळी पडेल त्या भावाने विकणे त्याच्याच नशिबी येते.

कागदपत्रांचा धोका निराळाच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि १९४८ च्या कूळकायद्याचे ६३ वे कलम यांना बगल देण्यासाठी गुंठ्यांचे तुकडे सामाईक सातबाऱ्यावर विकले जातात. पुढे विकायला निघाल्यावर आपला तुकडा नेमका कोणता, हेच सिद्ध होत नाही. स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा बिल्डरवर काही अंकुश ठेवतो, परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या योजनांना नोंदणीची सक्ती नाही. आणि भाव चढण्याची हमी तर कोणताच कायदा देत नाही.

या सट्ट्याची दुसरी बाजू मावळच्या शेतकऱ्याची आहे. पवना धरणासाठी त्याने जमीन दिली. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध लढताना, बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचे प्राण गेले. त्याच मावळात बंगले वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद राहतात आणि भूमिपुत्राच्या मुलाला स्वतःच्या गावात दोन खोल्या घेणे परवडत नाही. रिकामे घर भाव चढवते. चढलेला भाव गरजवंताला बाहेर ढकलतो आणि नव्या सटोडियाला आत ओढतो.

म्हणून रिकाम्या दुसऱ्या घरांवर वाढीव कर आणि त्या उत्पन्नातून श्रमिकांसाठी सार्वजनिक भाड्याची घरे, ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर कामगार वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी निदान वरील हिशेब प्रत्येक निवृत्त होणाऱ्या सोबत्यासमोर, त्याने सही करण्यापूर्वी, मांडावा.