अकरा डॉलरची चुटपुट

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एक अंदाज प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडे एकच गहजब उडाला. त्या वर्षी बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचे १,८७७ डॉलर राहील, असा तो अंदाज होता. अवघ्या अकरा डॉलरनी धाकटा शेजारी पुढे! परीक्षेत शेजारच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा एक गुण जास्त मिळावा, तशी चुटपुट अनेकांना लागली. मलाही लागली, हे कबूल करतो.

पण हा आकडा येतो कुठून? देशातील वर्षभराच्या उत्पादनाचे मोल करायचे, त्याला लोकसंख्येने भागायचे आणि बाजारातील विनिमय दराने त्याचे डॉलर करायचे. इथेच पहिली मेख आहे. न्यूयॉर्कमध्ये एकदा केस कापायला जेवढे डॉलर पडतात, तेवढ्यात आपल्या तालुक्याच्या गावी घरातल्या सगळ्यांचे केस कापून होतील. म्हणून अर्थशास्त्रज्ञ त्या त्या देशातील किमती लक्षात घेऊन क्रयशक्तीनुसार दुसरा हिशेब मांडतात. त्या हिशेबाने त्याच वर्षी भारत बांगलादेशाच्या बराच पुढे होता. वर्ष तेच, देश तेच, निकाल मात्र उलटा!

दुसरी मेख सरासरीची. २०१५ साली आयर्लंडचे राष्ट्रीय उत्पादन एका वर्षात सुमारे पाव पटीने वाढल्याचे जाहीर झाले. तिथल्या सामान्य माणसाचा पगार काही त्या पटीत वाढला नव्हता. बड्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता आयर्लंडच्या वहीत आणून मांडली होती, एवढेच. अखेर तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा वगळून वेगळा आकडा काढावा लागला.

तिसरी मेख मला सर्वांत मोठी वाटते. बांगलादेशात १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजून घेतलेले पाणी यांचे मिश्रण जुलाब झालेल्या लेकराला कसे पाजायचे, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतील आयांना शिकवले. रुग्णालयात सलाइन लावले, तर त्याचे बिल राष्ट्रीय उत्पन्नात मिळवले जाते. आईने रात्रभर मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पाजलेल्या पाण्याची नोंद मात्र त्यात कुठेच होत नाही. लेकरू वाचते, पण आकडा हलत नाही.

अशा अनेक प्रयत्नांतून बांगलादेशाने बालमृत्यू आणि आयुर्मान या दोन्ही बाबतींत आपल्याला २०२० च्या कितीतरी आधी मागे टाकले होते. तेव्हा आपल्याकडे कुणाचीच झोप उडाली नाही. अकरा डॉलरनी मात्र उडाली. मला लाज वाटते ती याची.

दरडोई उत्पन्न निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. पैशावाचून दवाखाने उभे राहत नाहीत, शाळा चालत नाहीत; श्रीमंत देशांतील माणसे बहुधा अधिक जगतात, हेही खरे. पण उत्पन्न हे साधन आहे. घरात पैसा किती येतो, याबरोबरच तो कुणाच्या ताटात पडतो, हेही विचारायला नको का?

दादाभाई नौरोजींनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८६७-६८ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातील दरडोई उत्पन्न सुमारे २० रुपये होते, असा हिशेब त्यांनी मांडला. त्यांनी या आकड्याची तुलना विलायतेशी केलीच. पण त्यावर न थांबता सरकार तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते, तेही शेजारी मांडले. कैद्यावरचा खर्च जास्त निघाला! राबणाऱ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले.

पुढच्या वेळी कुणी शेजाऱ्याचे डॉलर मोजून दाखवले, की आपण एवढेच विचारावे: तिथली किती लेकरे पाचवा वाढदिवस पाहतात, आणि आपली किती?